मदतकार्यांत संगणकप्रणालीची पारख

(वरूड येथें स्वयंसेवकांच्या सभेंत समितीच्या वतीनें वाचून दाखविलेलें भाषण)



आजच्या सभेपुढें जो विषय ठेवावयाचा आहे तो प्रथमदर्शनीं रुक्ष वाटण्याचा संभव आहे. दुष्काळनिवारणाच्या सभेंत पाणी, कुटार, धान्य आणि मजुरी यांविषयीं बोललें जावें, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. परंतु या चारहि गोष्टी गरजूच्या दारीं पोहोंचण्यापूर्वीं एका पांचव्या गोष्टीच्या हातून जातात; ती गोष्ट म्हणजे यादी. यादींत ज्याचें नांव आहे त्यास मिळतें; ज्याचें नाहीं तो रांगेच्या शेवटीं उभा राहून रिकाम्या हातानें परततो. पूर्वीं ही यादी वहींत असे. आतां ती मोबाइलांत व संगणकांत असते, आणि तींत कोणास घ्यावें व कोणास वगळावें, हें पुष्कळ अंशीं सॉफ्टवेअर ठरवितें. येत्या उन्हाळ्यासाठीं कांहीं सद्गृहस्थांनीं व संस्थांनीं अशा प्रणाली समितीस विनामूल्य देऊं केल्या आहेत. त्यांचे आम्ही आभारी आहों. परंतु देणगीचें धान्यहि आपण चाळून घेतों. मग देणगीची प्रणाली न चाळतां कां घ्यावी? ती कोणत्या चाळणीनें चाळावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आरंभींच आमच्या एका चुकीची कबुली देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. मागें एका टंचाईच्या वर्षीं तालुक्यांतील एका खेड्यांत चाऱ्याच्या वांटपाची यादी आम्हीं अशाच एका विनामूल्य मिळालेल्या ॲपवर केली. स्वयंसेवक घरोघर गेला. एका विधवा बाईच्या घरास कुलूप होतें. ती मृग बहाराच्या संत्र्यांच्या तोडीस गेली होती. ॲपमध्यें 'घर बंद' अशी नोंद झाली आणि पुढच्या घराचें पान उघडलें. दुसऱ्या दिवशीं बाई स्वतः स्वयंसेवकाकडे आली, तेव्हां यादी बंद झाली होती, आणि ती पुन्हां उघडण्याचा अधिकार दूरच्या शहरांतील एका कचेरीकडे होता. आम्हीं निरोप पाठविला, पुन्हां पाठविला. आठ दिवसांनीं उत्तर आलें. त्या आठ दिवसांत बाईनें आपल्या दोन बैलांपैकीं एक बाजारांत नेऊन विकला. पुढें समितीनें तिला पैसे दिले. पण बैल परत आला नाहीं, आणि एका बैलावर पेरणी होत नाहीं. त्या दिवशीं स्वयंसेवकाच्या खिशांत वही होती, गोदामांत कुटार होतें, बाई समोर उभी होती. तरीहि 'यादींत नांव नाहीं' असें आम्हीं तिला सांगितलें. हा दोष आम्ही ॲप देणाऱ्यावर टाकीत नाहीं. ॲप घेतांना जो प्रश्न विचारावयास हवा होता तो आम्हीं विचारला नाहीं. तो प्रश्न असा: या प्रणालीकडून चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर पडेल? मदत देणाऱ्याच्या, कीं मदत मागणाऱ्याच्या?

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाहीं. १८७६-७८ च्या महादुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ च्या आरंभीं दुष्काळी कामांवरील मजुराच्या रोजच्या धान्याचा हिशेब दीड पौंडावरून एक पौंडावर आणला. कागदावर तो हिशेब नीटस होता. खर्च किती वांचेल तें त्यांत दिसत होतें; मजुराचें शरीर मात्र त्यांत दिसत नव्हतें. मद्रासेकडील आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं त्यास विरोध केला, आणि त्याच वर्षीं तिकडे तें प्रमाण वाढवावें लागलें. मुंबई इलाख्यांत मजूर कामें सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें आपलीं माणसें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करण्यास लावून गांवोगांवचे दुष्काळवृत्तान्त प्रसिद्ध केले, आणि सरकारी हिशेबापुढें प्रत्यक्ष स्थिति मांडली. साधनाची पारख करण्याची तीच खरी रीत होय, असें आमचें मत आहे. तें साधन कचेरींत कसें दिसतें हें पाहून भागत नाहीं. रांगेच्या शेवटच्या माणसापाशीं तें काय करतें हें पाहावें लागतें.

याच्या उलट उदाहरणहि आपल्याच राज्यांत आहे. १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर एके वेळीं सुमारें ५० लक्ष माणसें होतीं, आणि त्यांची हजेरी कागदाच्या हजेरीपटावरच लागत होती. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेली रोजगार हमीची कल्पना त्या अनुभवानें बळावली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत तें न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, असें त्या कायद्यांत होतें. अंमलबजावणींत ज्या उणिवा राहिल्या असतील त्या असोत. परंतु त्यांतील तत्त्व ध्यानांत घेण्याजोगें आहे. कचेरीस विलंब झाला तर त्याचा भार कचेरीनें सोसावा, मजुराच्या पोटानें नव्हे. प्रणाली पारखतांना आम्हांस हेंच तत्त्व लावावयाचें आहे.

संगणकाविषयीं आमच्या मनांत आकस आहे, असा मात्र कोणी ग्रह करून घेऊं नये. २६ डिसेंबर २००४ रोजीं हिंदी महासागरांत सुनामी उसळून श्रीलंकेचा किनारा उद्ध्वस्त झाला, तेव्हां हरवलेलीं माणसें कोणतीं, छावणींत कोण आहे, कोठें काय कमी आहे आणि कोणती संस्था कोठें काम करीत आहे, हें कोणासच एकत्र कळेना. तेथील संगणकज्ञ स्वयंसेवकांनीं थोडक्या दिवसांत 'सहाना' नांवाची प्रणाली उभी केली. सिंहली भाषेंत या शब्दाचा अर्थच दिलासा, मदत असा आहे. ती मुक्त परवान्याखालीं सर्वांस खुली केल्यामुळें पुढें २००५ च्या पाकिस्तानांतील भूकंपांत व २०१० च्या हैतीमधील भूकंपांत तिचा उपयोग झाला. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठांत २००८ सालीं आरंभिलेल्या ओडीके या प्रणालीनें दुसरी एक अडचण दूर केली. नेट नसलें तरी मोबाइलावर तक्ता भरून ठेवावा, आणि नेट मिळेल तेथें तो पाठवावा, अशी सोय तींत आहे. एकच नांव दोनदां येणें, बेरजेंत चूक होणें, एका गांवीं दोन टँकर तर दुसऱ्या गांवीं एकहि नाहीं, हे दोष वहीपेक्षां संगणक लवकर दाखवितो. तेव्हां संगणक घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न नसून कोणता व कोणत्या अटीवर घ्यावा, हा आहे.

आतां आपल्या राज्यांतील दोन उदाहरणें पाहूं. २०१७ च्या जूनमध्यें महाराष्ट्र शासनानें दीड लक्ष रुपयांपर्यंतच्या शेतकरी कर्जमाफीची घोषणा केली. त्यासाठीं शेतकऱ्यानें स्वतः केंद्रावर जाऊन संगणकावर अर्ज भरावयाचा होता. दिवाळींत प्रमाणपत्रें वांटलीं गेलीं. परंतु अर्जांतील माहिती व बँकांची माहिती परस्परांशीं जुळेना, आणि कित्येकांच्या खात्यांत रक्कम जाण्यास दीर्घ विलंब झाला. २०१९ च्या डिसेंबरांत दुसरी कर्जमुक्ति जाहीर झाली, तेव्हां रीत बदलली. अर्ज नको, बँकांनींच कर्जखात्यांची माहिती द्यावी, यादी गांवांत लावावी, शेतकऱ्यानें आपली ओळख पटवून रक्कम मान्य आहे कीं नाहीं तें सांगावें, मान्य नसल्यास तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जावी. शिवाय २४ फेब्रुवारी २०२० रोजीं पहिली यादी निघाली ती सर्व राज्याची नव्हती. प्रत्येक जिल्ह्यांतील दोन गांवांपुरती होती. या दुसऱ्या रीतींतहि अडलेले लोक राहिले. तथापि तींत तीन गोष्टी शहाणपणाच्या होत्या: आधीं थोड्या गांवांत करून पाहिलें, यादी लोकांपुढें ठेविली, आणि 'हें चूक आहे' असें म्हणण्यास जागा ठेविली.

या अनुभवावरून समितीनें सहा कसोट्या ठरविल्या आहेत. त्या कोणाहि साक्षर स्वयंसेवकास लावतां येतील अशाच ठेवल्या आहेत.

पहिली कसोटी जागेची. आपल्या तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याचा पायथा आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकास धारणी व चिखलदरा हे मेळघाटांतील तालुके आहेत. डोंगराच्या आडोशास मोबाइलाची रेंज मिळेलच असें नाहीं, आणि उन्हाळ्यांत वीजहि जाते. म्हणून प्रणाली दाखविणाऱ्यास सभागृहांत बसवूं नये. स्वयंसेवकाचा साधा मोबाइल घ्यावा, त्याचें नेट बंद करावें, आणि दिवसभर नोंदी करून पाहाव्या. सायंकाळीं नेट सुरू केल्यावर सर्व नोंदी जशाच्या तशा पोहोंचल्या तर ती प्रणाली या कसोटीस उतरली.

दुसरी कसोटी नांवाची व भाषेची. सातबाऱ्यावर नांव मराठींत असतें, बँकेंत इंग्रजींत असतें. 'ठाकरे' हें आडनांव इंग्रजींत दोन-तीन तऱ्हांनीं लिहिलें जातें. लग्न झालेल्या बाईचें नांव एका कागदावर माहेरचें तर दुसऱ्यावर सासरचें असतें. माणूस हीं एकच व्यक्ति म्हणून ओळखतो. यंत्र दोन समजतें, किंवा दोहोंसहि नाकारतें. म्हणून परीक्षेच्या वेळीं अशींच अडचणीचीं नांवें मुद्दाम घालून पाहावीं. मेळघाटांत कोरकू बोलणारा माणूस समोर असेल, तर पडद्यावरील मराठी प्रश्न त्यास कोण समजावून सांगणार, हेंहि आधींच ठरवावें.

तिसरी कसोटी ओळखीची. संत्र्याच्या बागेंत, मिरचीच्या तोड्यावर किंवा दगडमातीच्या कामावर ज्याचा जन्म गेला त्याच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात. यंत्रानें ठसा ओळखला नाहीं म्हणून तो माणूस खोटा ठरत नाहीं. बोट, डोळा किंवा मोबाइलावर येणारा आंकडा यांपैकीं एकानेंहि ओळख पटली नाहीं, तर दोन शेजाऱ्यांच्या साक्षीनें मदत देण्याची सोय ज्या प्रणालींत नाहीं, ती आम्हांस नको.

चौथी कसोटी दुरुस्तीची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत मोठी. नांव सुटलें, चुकलें, किंवा कुटुंबांतील माणसें कमी लागलीं, तर तें त्याच गांवीं, त्याच दिवशीं, तेथील जबाबदार स्वयंसेवकास दुरुस्त करतां आलें पाहिजे. कोणीं केव्हां काय बदललें याची नोंद राहावी, म्हणजे लबाडीस वाव राहणार नाहीं. आणि दुरुस्ती होईपर्यंत मदत थांबूं नये. त्या बाईच्या बैलाची गोष्ट आपण ऐकलीच आहे.

पांचवी कसोटी गुप्ततेची. दुष्काळांत माणूस आपली लाज बाजूस ठेवून आपल्याकडे येतो आणि घरांतील कर्ज, आजार, उपास सर्व सांगतो. ही माहिती म्हणजे आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे. २०२२ च्या जानेवारींत आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीनें जाहीर केलें कीं, तिच्या कामांतील ५ लक्ष १५ हजारांहून अधिक आपद्ग्रस्तांची माहिती असलेल्या संगणकांत परके लोक घुसले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गोष्ट, तर आपला काय पाड? म्हणून कुटार वांटण्यास जेवढी माहिती लागते तेवढीच विचारावी. जी माहिती घेतलीच नाहीं ती कोणास चोरतां येत नाहीं. प्रणाली देणारा ही माहिती व्यापारासाठीं वापरणार नाहीं, असें त्यानें लेखी द्यावें.

सहावी कसोटी सुटकेची. विनामूल्य दिलेली वस्तु उद्यां विकत झाली तर? देणाऱ्याची संस्था बंद पडली तर? प्रणाली चालविणारा होतकरू मुलगा नोकरीसाठीं पुण्यास गेला तर? आपली सर्व यादी केव्हांहि साध्या तक्त्यांत काढून कागदावर छापून घेतां आली पाहिजे. प्रणाली मुक्त परवान्याची असल्यास उत्तमच. कारण मग दुसरा जाणकार ती उघडून पाहूं शकतो, सुधारूं शकतो, आणि आपण एकाच्याच दारीं बांधलेले राहात नाहीं.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, इतकी ढिलाई ठेवली तर लबाडांचें फावेल. या आक्षेपांत तथ्य आहे. खोटीं नांवें वहींतहि असत. परंतु केवळ यंत्रानें लबाडी थांबते, हा समज खरा नव्हे. २००५ च्या ग्रामीण रोजगार कायद्याखालील कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांचें छायाचित्र दिवसांतून दोन वेळां मोबाइलवरील ॲपनें चढविणें सक्तीचें करण्यांत आलें. २०२५ च्या जुलैंत केंद्र शासनाच्या ग्रामविकास खात्यासच परिपत्रक काढून नमूद करावें लागलें कीं, कांहीं ठिकाणीं कामाशीं संबंध नसलेलीं छायाचित्रें, किंवा छायाचित्राचेंच छायाचित्र काढून चढविण्यांत येत आहे. लबाडानें वाट काढली. आणि जेथें रेंज नव्हती तेथील प्रामाणिक मजुराच्या हजेरीस धोका मात्र राहिला. लबाडीवर जुना उपाय चावडीवाचनाचा. यादी गांवासमोर मोठ्यानें वाचावी. कोणाचें नांव खोटें आहे आणि कोणाचें सुटलें आहे, हें गांवास यंत्रापेक्षां अधिक ठाऊक असतें. मात्र चावडीवर वाचावयाचें तें नांव व मदत एवढेंच; कोणाच्या घरचें दुखणें वाचावयाचें नाहीं. आणि जे लोक चावडीवर तोंड उघडूं शकत नाहींत, त्यांच्या वस्तींत जाऊन यादी पुन्हां वाचावी.

दुसरा आक्षेप विलंबाचा: लोक तहानलेले असतां तुम्ही परीक्षा कसल्या घेत बसलां? यास आमचें उत्तर एवढेंच कीं, म्हणूनच परीक्षा आज घ्यावयाची, एप्रिलांत नव्हे. आपल्या तालुक्याचें दुखणें सर्वांस ठाऊक आहे. संत्र्याच्या बागांनीं आपणांस नांव दिलें, आणि त्याच बागांसाठीं विहिरी व बोअर खोल खोल जात राहिले. भूजलाचा अतिउपसा झालेला तालुका म्हणून आपली गणना झाली. म्हणजे टंचाई आपल्याकडे अकस्मात् येणारा पाहुणा नाहीं. ती येणार हें कळत असतां तयारी हिंवाळ्यांतच व्हावयास पाहिजे.

यासाठीं समितीनें ठरविलें आहे कीं, कोणतीहि प्रणाली प्रथम दोनच गांवांत चालवून पाहावी. त्यांतील एक सडकेवरचें व रेंज असलेलें, दुसरें डोंगराकडचें असावें. दोन्हीं ठिकाणीं वहीहि चालूं ठेवावी, आणि शेवटीं वही व यंत्र ताडून पाहावीं. जेथें दोहोंत फरक पडेल तेथें स्वयंसेवकानें स्वतः त्या घरीं जावें. सहा कसोट्यांपैकीं चौथ्या कसोटीस जी प्रणाली उतरणार नाहीं, ती इतर पांच बाबतींत कितीहि सरस असली तरी समिती ती स्वीकारणार नाहीं.

बंधुभगिनींनो, दरवर्षीं या पत्रकांतून आम्ही आपणांपाशीं धान्य, कुटार व द्रव्य यांची याचना करतों. ती यंदाहि आहेच. परंतु यंदा आणखी एक मागणें आहे. ज्यांस संगणकाचें ज्ञान आहे अशा तरुणांनीं दोन रविवार समितीस द्यावे आणि या प्रणाली उलटसुलट तपासून द्याव्या. ज्यांस संगणकाचें कांहींच ज्ञान नाहीं, त्यांची गरज तर त्याहून अधिक आहे; कारण आपल्या वस्तींत कोणाचें नांव नेहमीं सुटतें, कोण दिवसभर घरीं नसतें, कोण मागण्यास लाजतें, हें त्यांसच माहीत असतें. २०१६ सालीं पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठीं राज्यांतील जे तीन तालुके निवडले गेले त्यांत वरूड होता. त्या वेळीं ज्यांनीं हातीं कुदळ घेऊन समतल चरांचीं मापें घेण्यास शिकून घेतलें, त्यांस यादीचें माप घेणें अवघड नाहीं.

शेवटीं एकच विनंति. येत्या उन्हाळ्यांत आपल्यापैकीं कोणी मोबाइल हातीं घेऊन एखाद्या दारीं उभा असेल, समोर गरजू माणूस असेल, आणि पडद्यावर त्याचें नांव नसेल, तर त्यास परत पाठवूं नये. वहींत नांव लिहावें, मदत द्यावी, आणि मग यंत्राची चूक आम्हांस कळवावी. त्या मदतीचा हिशेब समिती देईल. वहीचे कागद, छपाई व त्या दोन गांवांतील परीक्षेचा खर्च यांसाठीं ज्यांस जें देतां येईल तें त्यांनीं समितीकडे पोहोंचवावें, आणि पावती अवश्य मागून घ्यावी, अशी सर्वांस नम्र प्रार्थना आहे.